दिलदार कवी पुश्किन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येक सभासद भगिनीने काही ना काही लिहून दिलेच पाहिजे, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. कोणी पाककृती दिल्या, कोणी तीर्थयात्रेची हकीकत लिहिली, कोणी जात्यावरच्या ओव्या जमविल्या. माझ्या वाट्याला एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनालयाची वर्गणी मी लग्न झाल्यापासून एकदाही चुकविलेली नाही. घरची कामे आटोपली की दुपारी तास-दीड तास पुस्तक हाती घ्यावयाचे, हा माझा नेम आहे. जे मराठीत मिळाले नाही, ते माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने इंग्रजीतून वाचून मला समजावून सांगितले. तेव्हा यात जे बरे असेल ते त्या ग्रंथकारांचे आणि बोबडे बोल माझे, असे समजून भगिनींनी गोड करून घ्यावे.

संतांची आणि राष्ट्रपुरुषांची चरित्रे आपण नेहमी ऐकतो. मी निवडला आहे रशियाचा कवी अलेक्झांडर पुश्किन. इतक्या दूरच्या आणि इतक्या जुन्या कवीशी आपल्या मंडळाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या हस्तलिखिताशी आहे. दरवर्षी कथा मागविल्या की आपल्यातली कोणीही आपला विषय दुसरीला सांगत नाही. विचारले तर हसून वेळ मारून नेते. पदराखाली दिवा झाकावा तसा विषय झाकून ठेवते. एका वर्षी दोघींच्या कथा एकाच विषयावर आल्या, आणि आधी कोणाला सुचले यावरून दोघींचे बोलणे काही महिने बंद पडले. नावे सांगण्याचे कारण नाही. दोघीही मला जवळच्या आहेत. पण तेव्हापासून मला वाटू लागले, की ज्याने आपल्याजवळच्या दोन उत्तम कल्पना दुसऱ्या लेखकाला देऊन टाकल्या, त्या माणसाची गोष्ट एकदा सर्वांना सांगावी.

पुश्किनचा जन्म ६ जून १७९९ रोजी मॉस्को शहरात झाला. घराणे जुने, सरदारी थाटाचे. पण पैसा टिकत नव्हता. त्याच्या आईचे आजोबा आफ्रिकेतले होते. त्यांना लहानपणीच रशियात आणले होते, आणि पीटर बादशहाच्या कृपेने ते मोठ्या पदाला चढले. पुश्किनला या पूर्वजाचा मोठा अभिमान होता. त्या काळी रशियातल्या बड्या घरांतून फ्रेंच भाषा बोलत. मुलांशी बोलणे फ्रेंचमधून, शिकविणे फ्रेंचमधून. मायबोली रशियन मुलांच्या कानावर पडे ती आजीकडून आणि दाईकडून. पुश्किनची दाई आरिना रोदिओनोव्ना ही भूदास कुळात जन्मलेली बाई होती. भूदास म्हणजे जमिनीबरोबर मालकाच्या ताब्यात असणारी माणसे. शेत विकले की तीही विकली जात. शाळा तिने पाहिली नव्हती. पण राजाराण्यांच्या, राक्षसांच्या, जादूच्या गोष्टींचे भांडार तिच्याजवळ होते. ते तिने मुलापुढे रिते केले. रशियाच्या सर्वांत मोठ्या कवीला पहिले कथाधन मिळाले ते अशा एका निरक्षर बाईकडून, हे आपण बायकांनी विसरू नये.

बारा वर्षांचा असताना, १८११ साली, पुश्किन राजधानीजवळच्या त्सारस्कोये सेलो येथील नव्या राजविद्यालयात दाखल झाला. वर्गात तीस मुले. तेथेच तो कविता करू लागला. १८१७ साली शिक्षण संपवून पीटर्सबर्गला आला आणि तीन वर्षांत त्याने एक लांबलचक परीकथा-काव्य लिहून पुरे केले. त्या वेळी झुकोव्स्की हा रशियाचा नावाजलेला कवी होता. वयाने तो पुश्किनपेक्षा सोळा वर्षांनी मोठा. त्याने हे काव्य ऐकले आणि आपली तसबीर पुश्किनला भेट दिली. तिच्यावर त्याने स्वहस्ते लिहिले, की हरलेल्या गुरूने जिंकलेल्या शिष्याला ही भेट दिली आहे. आपल्यापुढे जाणाऱ्याला असे मोकळ्या मनाने पुढे जाऊ देणे सोपे नाही. विसाव्या वर्षीच पुश्किनला हा धडा मिळाला. पुढे त्याच्या हातून जे घडले, त्याचे बीज मला येथे दिसते.

पण १८२० सालीच त्याच्यावर संकट आले. राजसत्तेला न रुचणाऱ्या त्याच्या कविता हातोहात फिरत होत्या. बादशहाने त्याला राजधानीतून दूर दक्षिणेकडे धाडले. चार वर्षांनी तिकडूनही काढून आईच्या मिखाइलोव्स्कोये या खेड्यात, पाळतीखाली, राहावयास लावले. आईबाप पुढे तेथून निघून गेले आणि पंचवीस वर्षांचा हा तरुण म्हाताऱ्या दाईबरोबर एकटा राहिला. बाहेर बर्फ, घरात दोन माणसे. संध्याकाळी दाई गोष्टी सांगे आणि तो त्या वहीत टिपून घेई. लहानपणी झोपेत ऐकलेल्या गोष्टींचे मोल त्याला आता कळले. यव्गेनी अनेगिन या त्याच्या प्रसिद्ध पद्यकादंबरीचा मोठा भाग आणि बोरिस गदुनोव हे नाटक त्याने याच एकांतात लिहिले. १८२६ साली नव्या बादशहाने त्याला परत बोलाविले. पण त्याचे लिखाण आपण स्वतः तपासू, अशी अट घातली. १८२८ साली दाई वारली.

त्याच सुमाराची एक हकीकत मोठी मजेची आहे. पीटर्सबर्गमध्ये एका घरी मंडळी जमली असता पुश्किनने एका सैतानाची भीतिदायक गोष्ट तोंडी सांगितली. ऐकणाऱ्यांत तितोव नावाचा एक तरुण होता. ती गोष्ट त्याच्या मनातून जाईना. शेवटी त्याने ती लिहून काढली आणि भीत भीत पुश्किनकडेच नेली. दुसरा कोणी असता तर संतापला असता. पुश्किनने हस्तलिखित वाचले, त्यात दुरुस्त्या सुचविल्या आणि छापण्यास संमती दिली. १८२९ सालच्या एका वार्षिक अंकात ती गोष्ट तितोवच्या टोपणनावाने छापून आली. ती फार मोठी गाजली असे मात्र नाही. पुश्किनच्या कल्पनेमुळे तितोव काही पुश्किन झाला नाही. ही बाब लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

१८३० सालच्या शरद ऋतूत पुश्किन वडिलांकडून मिळालेल्या जमिनीच्या कामासाठी बोल्दिनो या खेड्यात गेला. लग्न ठरले होते, लवकर परतावयाचे होते. इतक्यात महामारीची साथ पसरली आणि रस्ते बंद झाले. तीन महिने तो तेथे अडकून पडला. त्या तीन महिन्यांत त्याने बेल्किनच्या कथा, चार छोटी नाटके आणि पुष्कळ कविता लिहिल्या आणि अनेगिनही बहुतेक संपवीत आणले. आपल्याही पिढीने २०२० सालची टाळेबंदी पाहिली आहे. घरात कोंडून राहणे म्हणजे काय ते आपल्याला सांगावयास नको. त्यात मन ताळ्यावर ठेवून एवढे काम करणे ही असामान्यच गोष्ट.

पुढल्या वर्षी, १८३१ साली, नताल्या गोंचारोवा या रूपवती मुलीशी त्याचा विवाह झाला. तो उन्हाळा नवी जोडी त्सारस्कोये सेलोला राहिली. राजधानीत महामारी आली म्हणून राजदरबारही तेथेच आला, आणि दरबाराबरोबर झुकोव्स्की आला. जवळच पाव्लोव्स्क येथे एक बावीस वर्षांचा तरुण शिकवणीच्या नोकरीवर होता. त्याचे नाव निकोलाय गोगोल. हे तिघे त्या उन्हाळ्यात वारंवार भेटत. पुश्किन आणि झुकोव्स्की यांच्यात लोककथा पद्यात लिहिण्याची चढाओढ लागली. आता गंमत पाहा. पुश्किनने दाईच्या तोंडून टिपून घेतलेल्या गोष्टींपैकी एक गोष्ट झुकोव्स्कीला दिली. झुकोव्स्कीने तिच्यावरून त्सार बेरेन्देयची कथा लिहिली, आणि पुश्किनने त्याच वहीतून त्सार साल्तानची लिहिली. म्हणजे स्पर्धा लावावयाची आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्याच कोठारातून दाणे द्यावयाचे! आपण हळदीकुंकवाच्या रांगोळी स्पर्धेत शेजारणीला आपला ठिपक्यांचा कागद देऊ काय, याचा विचार प्रत्येकीने आपल्या मनाशी करावा.

आता गोगोलविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुश्किनचा दिलदारपणा त्याच्याच कथेत खरा दिसतो. गोगोलचा जन्म १८०९ साली युक्रेनमध्ये पोल्तावा प्रांतात झाला. एकोणिसाव्या वर्षी तो नशीब काढण्यासाठी पीटर्सबर्गला आला. पहिले काव्य टोपणनावाने पदरचे पैसे घालून छापले. टीकाकारांनी त्याची टर उडविली, तेव्हा दुकानांतून प्रती गोळा करून त्याने त्या जाळून टाकल्या. मग कारकुनी धरली. पगार तुटपुंजा, थंडी कडक. अशा वेळी त्याने घरी आईला पत्रे लिहून आपल्या मुलखातल्या चालीरीती, लग्नाचे विधी, पोशाख, भुताखेतांच्या समजुती सविस्तर कळविण्याची विनंती केली. आईने तिकडून माहिती धाडली आणि त्यातून त्याच्या युक्रेनी खेड्यांतल्या कथांची दोन पुस्तके १८३१ आणि १८३२ साली निघाली. छापखान्यात खिळे जुळविणारे कामगार त्या कथा जुळविताना हसत होते, ही हकीकत गोगोलने पुश्किनला सांगितली. पुश्किनने ती एका पत्रात लिहून पुस्तकाची मनापासून स्तुती केली. नव्या लेखकाला याहून काय पाहिजे?

आता त्या दोन कल्पनांकडे वळू. पहिली अशी. १८३३ साली पुश्किन पुगाचोवच्या बंडाचा इतिहास लिहिण्याच्या तयारीसाठी पूर्वेकडे ओरेनबुर्गपर्यंत प्रवासाला गेला. वाटेत निझ्नी नोव्हगोरोद येथे तो तिथल्या सुभेदाराला भेटला. इतिहासाची माहिती गोळा करण्यासाठी कोणी एवढी धूळ खात हिंडेल, यावर सुभेदाराचा विश्वास बसला नाही. हा नक्की सरकारचा गुप्त तपासनीस असणार, अशा समजुतीने त्याने ओरेनबुर्गच्या सुभेदाराला सावधगिरीचे पत्र लिहिले, असे त्या काळच्या आठवणींत सांगितलेले आहे. ओरेनबुर्गचा सुभेदार पुश्किनचा स्नेही निघाला. दोघे मिळून पोट धरधरून हसले असतील! एका भलत्याच माणसाला परगावी मोठा अधिकारी समजतात, या विषयाचे चार ओळींचे टाचण पुश्किनच्या कागदपत्रांत मागाहून सापडलेही. म्हणजे त्याच्या मनात यावर काही लिहावयाचे होते.

दुसरी कल्पना अधिक विलक्षण. रशियात तेव्हा जमीनदाराला दर पुरुष-भूदासामागे डोईपट्टी भरावी लागे. भूदासांची मोजणी मधे कित्येक वर्षे टाकून होई. दोन मोजण्यांच्या दरम्यान जे मेले, ते कागदावर जिवंतच राहत आणि मालकाला त्यांचाही कर भरावा लागे. आपल्याकडे मयताचे नाव सातबाऱ्यावर राहून जाते, तसाच हा प्रकार. आता एखाद्या लुच्च्या माणसाने गावोगाव फिरून ही मेलेली माणसे कागदोपत्री स्वस्तात विकत घेतली, आणि जिवंत म्हणून सरकारी पेढीकडे गहाण टाकून त्यांच्यावर कर्ज उचलले तर? अशी ही कल्पना. हीवर आपणच काही मोठे लिहावे, असे पुश्किनच्या मनात होते.

ती त्याने गोगोलला दिली. नुसती दिली नाही. छोट्या छोट्या कथांवर थांबू नकोस, काही मोठे काम हाती घे, असे त्याला बजाविले. त्यासाठी त्याने डॉन क्विक्झोटच्या लेखकाचा दाखला दिला. त्याच्या छोट्या कथाही उत्तम आहेत. पण तो मोठा ग्रंथ लिहिला नसता तर आज जे स्थान आहे ते त्याला मिळाले नसते, असे त्याचे सांगणे होते. ही सारी हकीकत पुढे खुद्द गोगोलनेच लिहून ठेवली आहे.

गोगोलने ते काम सुरू केले. मग १८३५ सालच्या ऑक्टोबरात त्याने पुश्किनला एक पत्र लिहिले. ते साहित्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यात त्याने उघडउघड मागणी केली, की मला आणखी एक विषय द्या. गमतीचा असो वा नसो, पण अस्सल रशियन असावा. हात प्रहसन लिहिण्यासाठी शिवशिवत आहे, विषय मिळाला की पाच अंकी नाटक करून दाखवितो. डोके आणि पोट दोन्ही उपाशी आहेत, असेही त्याने कळविले.

हे पत्र आले त्या वेळी पुश्किनची स्वतःची स्थिती कशी होती? घरात तीन लहान मुले. बायकोला दरबारातल्या नाचगाण्याच्या समारंभांना जावे लागे. त्याचा पोशाखाचा खर्च डोंगराएवढा. मेहुण्या घरी राहावयास आलेल्या. बापाच्या जमिनीवर कर्ज, भावाचे कर्ज, स्वतःचे कर्ज. त्याच वर्षी त्याला सरकारी खजिन्यातून ३०,००० रुबल उसने घ्यावे लागले होते. त्या शरदात तो लिहिण्यासाठी म्हणून मिखाइलोव्स्कोयेला गेला होता. पण मिळकतीच्या काळजीने लिहिणे होत नव्हते. त्याचा मुख्य आधार लेखणीच होती. अशा माणसाजवळ एक चांगला विषय म्हणजे कणगीतले शेवटचे धान्य. ते त्याने मागणाऱ्याच्या ओंजळीत घातले. भरल्या घरातून देणारे पुष्कळ असतात. तंगीत दिलेल्याचे मोल वेगळे, हे आपण गृहिणी जाणतो.

गोगोलने दोन महिन्यांच्या आत नाटक पुरे केले. त्याचे रशियन नाव रिव्हायझर, म्हणजे तपासनीस. परगावच्या धर्मशाळेवजा खानावळीत एक उडाणटप्पू कारकून पैशाअभावी अडकून पडतो. त्यालाच गावचे अधिकारी राजधानीचा तपासनीस समजतात. प्रत्येकजण उसनवारीच्या नावाखाली त्याला लाच देतो, मुख्य अधिकारी तर आपली मुलगीही देऊ करतो. पाहुणा सर्व गोळा करून पसार होतो, आणि शेवटी खरा तपासनीस आल्याची वर्दी येते. १ मे १८३६ रोजी पीटर्सबर्गच्या नाटकगृहात पहिला प्रयोग झाला. स्वतः बादशहा हजर होता आणि हसला. अधिकारी मात्र चिडले. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी १९५२ साली याच नाटकावरून अंमलदार हे नाटक लिहिले. म्हणजे पुश्किनने दिलेला विषय गोगोलच्या घरातून निघून शंभरावर वर्षांनी आपल्या महाराष्ट्राच्या रंगभूमीवर येऊन पोहोचला. देणाऱ्याला तरी कोठे ठाऊक असते, दिलेली वस्तू कोठवर जाईल!

दुसऱ्या विषयाचे पहिले अध्याय गोगोलने पुश्किनला वाचून दाखविले, तीही हकीकत त्याने लिहिली आहे. गोगोलचे वाचन सुरू झाले की पुश्किन नेहमी हसू लागे. या वेळी मात्र तो हळूहळू गंभीर झाला आणि शेवटी अगदी खिन्न झाला. आपला देश किती दुःखी आहे, या अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. म्हणजे विषय देणारालाही ठाऊक नव्हते, की त्यात एवढे दुःख भरलेले आहे. ते गोगोलला दिसले. येथे तितोवची आठवण ठेवावी. कल्पना त्यालाही मिळाली होती; पण गोगोलने तिच्यात आपला पाहिलेला मुलूख, आपली कारकुनी, आपले हसू आणि आपले दुःख घातले.

आता कोणाला वाटेल, पुश्किन म्हणजे कोणी साधू होता आणि त्याला काहीच वाटले नाही. तसे नव्हे. या युक्रेनी गड्याजवळ जपून असावे, हा असा लुटतो की ओरडण्याचीही सोय नाही, अशा अर्थाने तो घरच्या माणसांत हसत हसत बोलल्याची आठवण त्याच्या चरित्रकाराने नमूद केली आहे. मला तर हे वाचून बरे वाटले. देताना जीव थोडा कळवळतो. कळवळूनही हात आखडला नाही, यातच मोठेपणा आहे.

आणि तो एवढ्यावर थांबला नाही. १८३६ साली त्याने सोव्रेमेन्निक, म्हणजे समकालीन, या नावाचे त्रैमासिक काढले. पहिल्याच अंकात गोगोलचे लेखन छापले. नाक या गोगोलच्या विचित्र कथेला मॉस्कोच्या एका मासिकाने नकार दिला होता. तीही पुश्किनने आग्रहाने आपल्या त्रैमासिकात घेतली.

पुढची हकीकत लिहिताना वाईट वाटते. नताल्याच्या मागे लागलेला दान्तेस नावाचा एक फ्रेंच अधिकारी होता. त्यावरून निनावी पत्रे फिरू लागली, पुश्किनची कुचेष्टा होऊ लागली. शेवटी पिस्तुलांचे द्वंद्वयुद्ध झाले. त्यात पोटात गोळी लागून १० फेब्रुवारी १८३७ रोजी पुश्किन मरण पावला. वय अवघे ३७. मागे चार लहान मुले आणि लाखाच्या वर रुबल कर्ज. ते कर्ज बादशहाने फेडले. शेवटच्या घटकेला झुकोव्स्की जवळ होता.

गोगोल तेव्हा परदेशी होता. बातमी ऐकून तो खचून गेला. पुश्किनच्या सल्ल्यावाचून आपण काहीही हाती घेत नव्हतो, लिहिताना तोच डोळ्यांपुढे असे, असे त्याने मित्रांना कळविले. तरी हाती घेतलेले काम त्याने सोडले नाही. पुश्किनने दिलेली ठेव म्हणून रोम शहरी राहून त्याने ते पुरे केले आणि १८४२ साली मृत आत्मे ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे तिचा दुसरा भाग त्याने १८५२ साली स्वतःच जाळला आणि थोड्याच दिवसांत तोही वारला. पण मरणापूर्वी, १८४७ साली लिहिलेल्या निवेदनात, त्याने स्पष्ट सांगून ठेवले, की मृत आत्मेचा विषय पुश्किनचा, आणि तपासनीसची कल्पनाही त्याचीच. तो गप्प बसला असता तर चार ओळींच्या टाचणाखेरीज जगाला काय कळले असते? देणारा मोठा, तसा सांगणाराही मोठाच.

भगिनींनो, हिशेब करून पाहा. गोगोलच्या त्या पत्रानंतर पुश्किन पुरते सोळा महिनेही जगला नाही. ते दोन विषय त्याने कुलपात ठेवले असते तर टाचणाच्या चार ओळी राहिल्या असत्या. ना तपासनीस नाटक, ना मृत आत्मे, ना आपला अंमलदार. आणि दिल्यामुळे त्याचे काय उणे झाले? अनेगिन त्याचाच राहिला, साल्तान त्याचाच राहिला. आजही रशियात पहिला कवी म्हणून त्याचेच नाव घेतात.

मला हे विरजणासारखे वाटते. रात्री शेजारीण वाटी घेऊन येते, आपण चमचाभर विरजण देतो. आपले दही काही कमी होत नाही. तिचे दूध वेगळे, तिचे भांडे वेगळे, तिच्या घरची ऊब वेगळी. सकाळी तिचे दही तिच्याच चवीचे लागते. पुश्किनने झुकोव्स्कीला दिले, तितोवला दिले, गोगोलला दिले. तिघांचे दही तीन तऱ्हेचे लागले. मात्र लागलेले दहीच कोणी उचलून नेले आणि आपले म्हणून पानात वाढले, तर ती चोरी. दुसरीची लिहिलेली कथा उतरवून काढणे आणि तिने आपण होऊन सांगितलेला विषय घेणे, यांत हाच फरक आहे. आणि विरजण कोणाकडचे, हे चारचौघींत सांगावयास लाजू नये. पुश्किनने देण्याची रीत दाखविली, गोगोलने सांगण्याची. दोन्ही पाळल्या तर भांडणाला जागाच उरत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या वर्षी हस्तलिखितासाठी कथा मागविण्यापूर्वी एक दुपार सर्वजणींनी एकत्र बसावे. जिच्याजवळ विषय असेल आणि लिहिणे होत नसेल, तिने तो सर्वांपुढे ठेवावा. ज्या म्हाताऱ्या आजींना लिहिता येत नाही, त्यांना तर आग्रहाने बोलवावे. आरिना दाईला तरी कोठे लिहिता येत होते? कोणी कोणाचा विषय घेतला, ते कथेखाली एका ओळीत लिहावे. एकाच विषयावर दोघींनी लिहिले तरी दोन्ही कथा शेजारी शेजारी लावाव्यात. वाचणाऱ्यांना दोन चवींचा लाभ होईल.

सुरुवात मीच करते. आमच्या चाळीत एक आजी होत्या. त्या दर महिन्याला मुलाचे आलेले पत्र निरनिराळ्या बायकांकडून वाचून घेत, आणि वाचणारी प्रत्येक बाई आजींना बरे वाटावे म्हणून त्यात पदरच्या दोन ओळी घाली. आजींना ते कळत होते की नव्हते, यावर चांगली कथा होईल. मला ती साधलेली नाही. ज्या भगिनीला हवी असेल तिने खुशाल घ्यावी.

मंडळाची अशीच भरभराट होवो, ही वर्धापनदिनी ईश्वरचरणी प्रार्थना.